पेढा जिरवायला निघालेला मामा

माझ्या भाच्याची सोयरीक मोडता मोडता राहिली, आणि त्यात ना हुंड्याचा प्रश्न होता ना पत्रिकेचा. प्रश्न एका पेढ्याचा होता. तो मी खाल्ला होता.

दिग्रसला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर बसून बसून पोट शर्टाच्या पुढे चालायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा चालत जा, तेल-गोड जरा कमी करा. त्यातलं 'जरा' मी दवाखान्यातच विसरून आलो! साखर बंद, भात बंद, घरात काकड्यांचा ढीग. चुकून भज्याचा तुकडा तोंडात गेलाच, तर तो जिरेपर्यंत मी गल्लीत तरातरा चालायचो. (गल्लीतली कुत्री सुरुवातीला भुंकायची. नंतर कंटाळून नुसती बघायची.)

बायको म्हणायची, "खाता तवा घाबरता, चालता तवा चिडता. मंग तब्येत सुधरून राह्यली कोणाची?"

अशा अवस्थेत मी भाच्यासाठी, म्हणजे संदीपसाठी, मुलगी पाहायला महागावला गेलो. बहीण दिग्रसलाच राहते, आणि भाऊजी हयात नसल्यामुळे तिच्या घरात मोठा माणूस मीच. आमच्याकडे अशा वेळी तोंडाने होकार देत नाहीत. चहा-फराळ घेऊन "कळवतो" म्हणत उठलात तर नकार, जेवायला बसलात तर पसंती. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पेढा होता.

चहाबरोबर तो मुलीच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, हातावर ठेवला आणि बोलण्याच्या नादात मी गिळून बसलो. मग जो पश्चात्ताप सुरू झाला! मुलगी, वैशाली, समोर बसून मोकळेपणाने बोलत होती. सगळ्यांना आवडली होती. संदीप तर मघाचा रिकामा कप पुन्हा पुन्हा पीत होता. मला मात्र नुसता पेढा दिसत होता. तेवढ्यात आतून पुरणाचा वास आला, पाट मांडले गेले, आणि उत्तमराव हात जोडून म्हणाले, "मामाजी, चला जेवाले."

"मी जेवत नाही," असं म्हणून मी उठलो, दारात बूट घातले आणि चालू लागलो.

माझ्या मते मी पेढा जिरवायला निघालो होतो. घरातल्या प्रत्येकाच्या मते सोयरीक मोडून निघालो होतो.

उत्तमराव मागोमाग धावत आले आणि आमचं काय चुकलं म्हणून विचारू लागले. चालताना मधेच थांबलं की केलेली मेहनत वाया जाते, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हणून मी न थांबता, धापा टाकत सांगितलं की चूक कोणाचीच नाही, माझंच पोट... पुढचं वाक्य दम लागल्यामुळे राहून गेलं. त्यांच्या मागे त्यांचा भाऊ टोपी सांभाळत निघाला. पानठेल्यावर कोणी विचारलं, तर त्याने सांगितलं, मामा रुसले. झालं! पानठेल्यावरचे दोघे-तिघे हातातली खर्ऱ्याची पुडी खिशात टाकून माझी समजूत घालायला सामील झाले. पुढे मी, मागे ही वरात! आणि समोर बसस्टँड दिसल्यावर उत्तमरावांचा धीरच सुटला. त्यांना वाटलं, मी आता दिग्रसची एसटी धरतो.

बसस्टँडच्या फाटकात संदीपने गाडी आडवी घातली. (गाडी मुलीकडची, आणि मागच्या सीटवर खुद्द मुलगी!) पोराचे डोळे भरून आले होते.

"मामा, मले पोरगी पसंत हाय. तुमाले काहून नाही?"

"कोण म्हणते नाही? पोरगी सोन्यासारखी हाय," मी म्हणालो. "मी पेढा जिरवून राह्यलो."

उत्तमराव तिथेच कठड्यावर टेकले. ते हसत होते की रडत होते, ते मला अजून कळलेलं नाही. वैशाली मात्र गाडीवरून उतरली आणि शांतपणे म्हणाली, "मामाजी, पुरण मी शिजवलं हाय. सुखानं जेवा. संध्याकाळी मी येते तुमच्यासंगं चालाले. शिक्षा म्हणून नाही, अशाच गप्पा मारत."

मी परत फिरलो. कित्येक महिन्यांनी तुपात बुडालेली पुरणपोळी मी न घाबरता खाल्ली आणि खरं सांगतो, इतका आनंद झाला की दुसरी मीच मागितली. ती पानात पडल्यावर उत्तमरावांनी पहिला घास घेतला. संध्याकाळी कपाशीच्या कडेकडेने आम्ही सगळेच रमत गमत फिरून आलो, आणि चालण्यातसुद्धा मजा असते हे मला त्या दिवशी कळलं.

आता वैशाली दिग्रसला आमची सून आहे. सकाळी ती, मी आणि बायको फिरायला जातो आणि येऊन पोटभर पोहे खातो. भात आहे, भाजी आहे, सणाला गोड आहे. दवाखान्यात विसरलेलं ते 'जरा' घरी परत आलं आहे.

उत्तमरावांनी मात्र माझ्या बुटांचा जो धसका घेतला, तो घेतलाच. आजही त्यांच्या घरी मी बुटांकडे नुसतं वळून पाहिलं, तरी आत घाईघाईने पुरणाचा कुकर चढतो. त्यांचा हा गैरसमज मला एकदा दूर करायचा आहे. तोवर महागावला जाताना मी चपला घालत नाही, बूटच घालतो.