एका हाताची बाही

जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात ती मिरच्या घेऊन बसायची. डोक्यावर छत्री नाही, तोंड उन्हानं रापलेलं. डाव्या हाताला मात्र नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची कापलेली बाही, मनगटापर्यंत ओढलेली. उजवा हात उघडाच. वजन करताना बाही सरकली, की ती आधी बाही नीट करायची आणि मग तराजू उचलायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, एकाच हाताला काहून?"

तिनं बाही वर केली. आत 'आई' असं गोंदलेलं होतं. अक्षरं वाकडीतिकडी, पण अजून ठसठशीत.

"पोरगी पहिलीत होती. शाळंत शिकून आली अन् पेनानं माझ्या हातावर लिवलं. बाजाराला चार दिवस होते. चार दिवस हाताला पाणी लागू दिलं न्हाई. मंग बाजारात त्याच्यावरूनच गोंदून घेतलं. गोंदणारा म्हणला, सरळ करून देतो. म्या म्हणलं, न्हाई, हाय तसंच."

"उन्हानं फिकं पडलं तर परत गिरवून घ्या की."

"तवा खाली तिच्या पेनाची रेघ होती. आता गिरवलं तर अक्षर गोंदणाऱ्याचं व्हईल." तिनं बाही अलगद खाली ओढली. "पोरगी कालिजात हाय आता. असं तिला बी पुन्हा लिवता यायचं न्हाई."

मी पहिलीलाच शिकवतो. अशी 'आई' माझ्यापुढं रोज येते, आणि वाकडी आहे म्हणून मी ती पुसायला लावतो.