घोड्याच्या हाडातला माणूस

आमच्या लॅबमध्ये आत असताना बोलायची सोय नाही. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातात ग्लोव्हजवर ग्लोव्हज. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीतून निघालेली मॅमथची, घोड्यांची, गव्यांची हजारो वर्षं जुनी हाडं ड्रिल करून पूड काढायची आणि त्या पुडीतून डीएनए मिळवायचा, हे आमचं काम. दिवसभर तोंड बंद ठेवलं की टी-रूममध्ये ते जरा जास्तच उघडतं. ग्लासगोच्या या लॅबमध्ये मला डीएनए मिळाला थोडा आणि किस्से मिळाले ढीगभर. त्यातले काही सांगते. गोड वाटले तर तो तुमचा गैरसमज!

*

नोकरी लागली तेव्हा लातूरला बाबांना फोन केला. बाबा रिटायर्ड शिक्षक, त्यामुळे आधी अभिनंदन आणि लगेच उलटतपासणी.

"काम नक्की काय आहे?"

"मेलेल्या जनावरांची हाडं तपासायची."

पलीकडे बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "सुजाता, तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावातली मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. त्यापायी गावाने वाळीत टाकलं होतं आपल्याला. आणि तू पीएचडी करून पुन्हा तिथेच?"

"बाबा, इथे पगार देतात."

"मग ओढ!"

*

आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी जुन्या हाडांची लॅब, नंतर आजच्या जनावरांची. उलटं केलं तर आजचा डीएनए अंगावरून जुन्या हाडात जातो आणि सगळं बाटतं. हे बाबांना व्हिडिओ कॉलवर समजावत होते, तर ते मध्येच म्हणाले, "कळलं. आमच्या गावच्या गिरणीत हाच नियम होता. गावाचं दळण आधी, आपलं सगळ्यांच्या शेवटी. नाहीतर पीठ बाटायचं ना त्यांचं!"

"तसं नाही बाबा. इथे नियम सगळ्यांना सारखा."

"मालकालाही?"

"प्रोफेसरांनाही."

"मग बरं आहे," म्हणाले आणि जेवायला गेले.

*

दिवाळीच्या कार्यक्रमात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. इथल्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केलेल्या, पैठणीवर कार्डिगन घातलेल्या. माझं आडनाव ऐकून त्यांचं काही भागेना.

"तुम्ही कुठल्या?"

"लातूरची."

"हो, पण मूळच्या?"

मी म्हटलं, "काकू, मूळ शोधणं हाच माझा धंदा आहे. तुमचंही शोधून देते. या नळीत जरा थुंका!"

काकू चकल्या आणायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. चकल्या चांगल्या होत्या असं नंतर कळलं.

*

आमची टेक्निशियन फियोना पक्की ग्लासगोची. एकदा शाळेची मुलं लॅब बघायला आली. एका मुलीने विचारलं, "मॅमथ परत जिवंत कधी करणार?"

प्रोफेसरांनी कोट नीट केला. ते काही बोलायच्या आत फियोना म्हणाली, "आधी सुजाताचं कॉन्ट्रॅक्ट जिवंत करायचंय, बाळा. मॅमथ त्यानंतर!"

मुलं हसली. मला काही हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि त्याच्यासोबत व्हिसाही. प्रोफेसरांनी शब्द दिला होता, एका घोड्याच्या हाडाचा रिझल्ट स्वच्छ आला की मुदत वाढवू. बोटाएवढं हाड, त्यावर माझा सगळा संसार टांगलेला.

*

त्याच सुमारास टीव्हीवाले आले. प्रोफेसर बाहेरच्या खोलीत ते अजून ड्रिल न केलेलं हाड घेऊन मुलाखत देत होते. मला आत काचेमागे सूट घालून उभं केलं होतं. बॅकग्राउंडला कुणीतरी काम करताना दिसलं पाहिजे ना! आवाज काही येत नव्हता, दिसत होती फक्त प्रोफेसरांची पाठ. मी तासभर रिकाम्या नळीतून रिकाम्या नळीत काहीच न ओतता ओतत होते. नंतर प्रोफेसर म्हणाले, "फार अस्सल दिसलीस!"

*

रिझल्ट आला. हाडात घोडा होता, पण घोड्याहून जास्त माणूस होता! तोही पुरुष.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हाड मी ड्रिल केलं होतं.

मी म्हटलं, "सर, मी बाई आहे."

प्रोफेसरांनी विचार केला. "तुझे आणि नवऱ्याचे कपडे एकाच मशीनमध्ये धुता का?"

"नवरा तिकडे लंडनला, एजवेअरला राहतो, सर. त्याचं मशीन वेगळं आहे."

कुणीही हसलं नाही. प्रोफेसर मऊ आवाजात म्हणाले, "हा आरोप नाही. फक्त खबरदारी. सगळं स्पष्ट होईपर्यंत तू आत जाऊ नकोस."

लॅबमध्ये रुजू होतानाच आमची सगळ्यांची थुंकी घेऊन ठेवतात, अशा वेळी ताडून बघायला. ताडली. कुणाशीच जुळेना. प्रोफेसरांची घ्यायची तेवढी राहून गेली होती. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. येणारे-जाणारे मला वळसा घालून जायचे, आणि खरं सांगते, त्या दिवसांत मला बाबांना फोन करायची लाज वाटायची.

*

मग टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. टी-रूममध्ये सगळे जमलो. पडद्यावर मागे काचेत मी, अस्सल. पुढे प्रोफेसर, हातात ते बोटाएवढं हाड. म्हणत होते, "हाड की दगड हे ओळखायची आमची जुनी युक्ती आहे. हाड जिभेला चिकटतं!"

आणि त्यांनी ते जिभेला लावलं.

फियोनाने टीव्ही तिथेच थांबवला. जीभ बाहेर. सगळ्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं.

प्रोफेसरांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "फील्डवरची सवय!" आणि मीटिंगला निघून गेले.

दुसरा नमुना काढण्याइतकं हाड उरलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टही वाढलं नाही. रिझल्ट स्वच्छ आला नव्हता ना!

सामान बांधता बांधता बाबांना सगळं सांगितलं. दाराबाहेरची खुर्चीही सांगितली.

बाबांनी विचारलं, "आता तुझ्या प्रोफेसरांना आत सोडतात का?"

"सोडतात, बाबा. आज सकाळीच गेले."

"हं," बाबा म्हणाले. "गिरणी त्यांची आहे ना?"