व्यासपीठाखालचं पाणी

सुरतेतल्या भेस्तानच्या एका गल्लीत, पत्र्याच्या दोन गोदामांच्या मध्ये, खान्देशी ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर आहे. त्याची चावी सुषमाकडे असायची. चावी म्हणजे मान, असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं तर चावी म्हणजे झाडू, फडकं, सतरंज्या आणि येणाऱ्यांच्या चपला सरळ लावणं. नवापूरकडची ही बाई दिवसभर घरी साड्यांना लेस लावायची आणि संध्याकाळी देवाचं घर झाडायची. नवरा भिकन कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. दिवसभर यंत्राची खटखट ऐकून आलेल्या त्या माणसाला बायकोचा चढा आवाजही भजनासारखा वाटे, म्हणून संसार बरा चालला होता.

त्या उन्हाळ्यात गल्लीच्या नळाला गुलाबी पाणी आलं. कुठल्याशा रंगाच्या मिलची घाण पाइपात शिरली होती. सुरत सगळ्या देशाला रंगीत नेसवते, तर गल्लीनं थोडं रंगीत प्यायलं म्हणून काय बिघडलं, असं कुणाला तरी वाटलं असावं. कारण तक्रारीवर एक साहेब आला, त्यानं बाटली उजेडात धरली, "हां, कलर छे" म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी शेजारच्या चाळीतली जयश्री दारात आली. "सुषमाताई, पोऱ्या कालपाइन जुलाब करी राह्यना वं. पानीना जार बी संपी गया. हंडाभर पानी व्हई का?"

घरात अर्धी कळशी होती, ती सुषमानं दिली. देताना तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच पाणी उभं राहिलं.

प्रार्थनाघरात व्यासपीठाखाली एक हौद आहे. या मंडळीत तान्ह्या लेकरांवर पाणी शिंपडत नाहीत. पोर मोठं झालं, आपल्या तोंडानं विश्वास कबूल केला, की पाळक त्याला हौदात अख्खं बुडवून बाप्तिस्मा देतात. एरवी वर फळ्या, आणि फळ्यांवर उपदेश. रविवारी मंडळीचे पुढारी भगवानकाका यांच्या मुलीचा, वर्षाचा, बाप्तिस्मा होता. काकांनी शुक्रवारीच टँकर बोलावून हौद काठोकाठ भरून घेतला होता.

सुषमा तिकडे गेली, तेव्हा काका स्टुलावर चढून झिरमिळ्या लावत होते.

"काका, हौद उघडते. चाळीला पाणी देते."

"डोकं ठिकाणावर आहे ना? बाप्तिस्म्याचं पाणी आहे ते. पाळकसाहेबांनी फोनवरून प्रार्थना केलीय त्याच्यावर."

"चाळीतल्या हिलालभाऊंनी तीर्थाची बाटली दाखवली, तेव्हा तुम्हीच त्यांना ऐकवलं होतं ना, पाण्यात काही नसतं, मनात असतं? मग आपलं पाणी कधीपासून तीर्थ झालं?"

काका स्टुलावरून उतरले. आवाजही उतरवला. "हे बघ, उद्या कुणी उठून म्हणेल, हे लोक पाणी पाजून धर्म बदलतात. निस्तरशील तू?"

ही भीती खोटी नव्हती. सुषमालाही ती होती. म्हणूनच तिचं डोकं जास्त तापलं.

"आणि नाही पाजलं तर काय म्हणतील? शेजारी लेकरू वाळत होतं आणि हे पाण्यावर उभे राहून गाणी म्हणत होते! ते तुम्ही निस्तराल?"

"लग्नसराईत दुसरा टँकर मिळत नाही, बाई! नवापूरहून पाहुणे निघालेत!"

"मग पाहुण्यांना सांगा, घरूनच आंघोळ करून या."

"फळीला हात लावायचा नाही!" असं बजावून काका मंडपवाल्याकडे गेले. सुषमानं पदर खोचला आणि पहिली फळी उचलली.

बायका हंडे घेऊन आल्या. त्यांतली, कधी आत न आलेली प्रज्ञा उंबऱ्यावर थबकली. "ताई, चपला काढू का?"

"चपला राहू दे, हंडा आण. आणि उकळून घे गं."

जयश्रीचे डोळे भरले. "तुमना देवना लई उपकार."

"देवाचं मागून बघू. आधी पोराला मीठ-साखरेचं पाणी पाज आणि दवाखान्यात ने."

संध्याकाळपर्यंत हौदात घोट्याइतकं पाणी उरलं.

रविवारी पाळकसाहेबांनी वाकून हौदात पाहिलं आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला. काकू रडल्या. वर्षा नव्या पांढऱ्या साडीत बसून राहिली. काका म्हणाले, सुषमानं सगळ्यांसमोर क्षमा मागावी. पाळकसाहेब सौम्य माणूस. सौम्य माणसांचा त्रास हा, की त्यांना भांडणातले दोघंही बरोबर वाटतात. म्हणाले, "दोन शब्द बोल, बहिणी. चावी तुझ्याकडेच राहील."

सुषमा उभी राहिली.

"माझी चूक झाली. क्षमा मागते."

काकांनी समाधानानं मान हलवली.

"पाणी शुक्रवारी आलं. पोरगं शुक्रवारीच आजारी पडलं होतं. त्या संध्याकाळी मी याच फळ्यांवरून फडकं मारलं, आणि आपल्या कार्यक्रमाची सोय झाली म्हणून देवाचे आभार मानले. मला कळायला शनिवार उजाडला. हौद शुक्रवारीच उघडायला हवा होता. तेवढ्याची क्षमा. बाकी कशाचीच नाही."

पाळकसाहेबांनी "आता गीत गाऊ" म्हटलं आणि कोणतं ते सांगायचं विसरले.

सभा सुटल्यावर काकांनी हात पुढे केला. सुषमानं त्यावर चावी ठेवली. घरी भिकननं विचारलं, "काय झालं?" त्याला सगळं दोनदा ऐकावं लागलं, दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं.

पुढच्या रविवारी सतरंज्या कुणी घालायच्या यावर मंडळीत चर्चा झाली, दोन मतं पडली, आणि अर्धी सभा उघड्या फरशीवर बसली. सुषमा वेळेवर आली. पुढे जाऊन बसली. सगळ्यांत मोठ्यानं गायली. जरा हळू, असं तिला सांगायला कुणी धजलं नाही.