आगगाडीतली पोथी

हसणार नसाल तर सांगतो. हसाल तुम्ही, मला माहीत आहे. पण ही फजिती आठवली की माझे कान आजही गरम होतात, एवढं मनात ठेवून हसा!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी राहायला वसमतला आणि नोकरी हिंगोलीला, एका वकिलांकडे कारकून. रोज सकाळी आगगाडीनं जायचं, संध्याकाळी यायचं. आणि आमची आगगाडी कशी? रुळावर बैल आडवा झाला तर त्याची झोप पुरी होईस्तोवर थांबणारी! एवढा वेळ बसून करायचं काय? वाचायला हवं. पण वाचायचं काय? वकिलांकडे सगळे कायदे, तेही उर्दूत. घरात पंचांग होतं, ते इतक्यांदा वाचलं की शेजारीपाजारी मला मुहूर्त विचारायला लागले.

शेवटी वाशीमच्या मेहुण्याला दया आली. त्यानं एक रहस्यकथा पाठवली. एका शेटजींचा हिरा चोरीला जातो आणि एक गुप्तहेर तो शोधतो. फक्कड पुस्तक! अडचण एकच. मुखपृष्ठावर पदर खोचलेली एक बाई होती, हातात पिस्तूल घेऊन. आणि डब्यात आमच्या वडिलांच्या ओळखीचे निम्मे लोक. कादंबरी वाचणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला, असा तो काळ. मग मी काय शक्कल लढवली? देवघरातलं पोथीचं लाल फडकं काढलं आणि त्यात पुस्तक गुंडाळलं. मांडीवर धरून वाचायला लागलो. कोण म्हणेल कादंबरी?

कोणीच म्हणालं नाही, तिथंच घात झाला.

समोर भागाबाई बसायची. हिंगोलीला दही विकणारी, साठीची, कडक बाई. तिनं दह्याची पाटी खाली ठेवली, फडक्याला लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "दादा, पोथी मनातल्या मनात काहून वाचून राहिले? आमच्याबी कानावर पडू द्या की!"

"अहो, घसा बसलाय..."

"देवाचं नाव घेतलं की घसा सुटतो. वाचा तुमी!"

शेजारी धोंडिबा होते. कुरुंद्याचे, हिंगोलीच्या अडतीवर धान्य मोजणारे मापाडी. आवाज असा की इंजिनानं शिटी वाजवायची लाज बाळगावी. त्यांनी हुकूम सोडला, "ए, विड्या विझवा रे! पोथी सुरू होऊन राहिली!"

खरं बोलायची तीच वेळ होती. पण डबाभर लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढं सरकलेले! माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता..."

शेटजींचा राजा झाला. हिऱ्याचा दिव्य मणी झाला. गुप्तहेराचे मुनी झाले. मोटारीचा रथ करणं सोपं, पण टेलिफोन आला तिथं मी घामाघूम झालो. मग आकाशवाणी झाली! गुप्तहेर सिगरेट पेटवायचा, तेव्हा मुनी धुनी पेटवायचे. लोक माना डोलवायचे. "वा महाराज!"

हो, दुसऱ्याच दिवशी मी दादाचा महाराज झालो होतो. खिडकीची जागा माझी. कोणी केळी आणी, कोणी पेरू. शेजारच्या डब्यातली माणसं आमच्या डब्यात येऊन उभी राहायला लागली. आणि खोटं कशाला बोलू, मला ते भलतंच आवडायला लागलं. पुस्तक संपलं, हिरा सापडला. दुसरं पुस्तक कुठून आणू? पण केळी सोडवेनात. मग मी सापडलेला मणी पुन्हा चोरीला घातला. राक्षसाकडून नागाकडे, नागाकडून थेट समुद्राच्या तळाशी!

एका सकाळी भागाबाई पाटी उतरवताना झोकांडी खाऊन बाकावरच बसली.

"भागाबाई, तब्येत बरी नाही का?"

तिनं पदरानं घाम पुसला. धोंडिबाच म्हणाले, "बरी कशी राहील, महाराज? पोथी बसली तवापासून भाकर सोडली तिनं. निस्त्या ताकावर हाय. समाप्ती झाल्याबिगर अन्न घेणार न्हाई."

"पण कशासाठी?"

"थोरल्या लेकीचे दिवस भरत आलेत," भागाबाई हळूच म्हणाली. "दोन लेकरं गेली तिची. हे तरी जगावं म्हणून नेम धरला, महाराज. तुमी वाचा, माझी फिकीर करू नका."

हातातलं केळं मी खाली ठेवलं. मी केळ्यांसाठी मणी चोरत होतो आणि ही म्हातारी प्रत्येक चोरीला एक दिवस उपाशी राहत होती! लाज वाटली, नुसती लाज. मी धडाधड सुरू केलं, "मग मुनींनी मणी राजाला दिला, सगळे सुखी झाले, समाप्त!"

"अवो, पण काल तर मणी समुद्राच्या तळाशी व्हता!" धोंडिबा ओरडले.

"मुनी पोहत गेले!"

फडक्याला गाठ मारून सुटलो म्हणेपर्यंत भागाबाईनं कमरेची हळदकुंकवाची पुडी काढली. समाप्तीला पोथीची पूजा नको का? मी हात पुढं करीस्तोवर तिनं पोथी मांडीवर घेतली आणि फडक्याची गाठ सोडली.

भागाबाईचं कुंकवाचं बोट तसंच हवेत.

"महाराज, ही कोणती देवी?"

धोंडिबा वाकले. "आन् तिच्या हातात हे काय हाय?"

'अस्त्र' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण भागाबाईचं सुकलेलं तोंड समोर होतं. तिथंच सगळं कबूल केलं. लोक काय काय बोलले ते सांगत नाही, आपल्यात लहान मुलं बसलीत. भागाबाई मात्र एवढंच म्हणाली, "मंग आता माझ्या लेकीचं काय, दादा?"

महाराजाचा पुन्हा दादा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं एक पोथी माझ्या मांडीवर आदळली. उशीएवढी जाड! "ही आमच्या घरची. अक्षर कुणालाच येत न्हाई, म्हणून नुस्ती पुजत व्हतो. आता तुमी वाचायची."

"वाचतो, भागाबाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो."

"आन् म्या भाकर खाणार. आता नेम तुमचा! समाप्ती होईस्तोवर ताकावर ऱ्हायचं."

ताक तीच द्यायची. माझा जेवणाचा डबा धोंडिबा उघडायचे आणि तिला वाढायचे. बायकोच्या हातची वांग्याची भाजी माझ्यासमोर भागाबाई जेवायची आणि म्हणायची, "मीठ बराबर पडलंय. पुढं वाचा." मी वाचत होतो म्हणता? पळत होतो! गाडीनं शिटी द्यायच्या आत माझा अध्याय निम्मा झालेला असायचा. विजार गळायला लागली, तेव्हा कुठं समाप्ती झाली.

आणि पाचव्या दिवशी भागाबाई डब्यात शिरली ती पेढे घेऊनच. थोरलीला मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी पेढा उचलला, तोंडाजवळ नेला. तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"थांबा, दादा. तुमच्या उपासाला लई गुण हाय! धाकटीलाबी सातवा लागलाय."