सावकारांची टीम आणि सकाळचा चहा

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. रविवारची दुपार होती. कोचावर आमच्या मधे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर इंडियन स्टोअरमधून आणलेल्या जुड्या, आणि समोर टीव्हीवर बेसबॉल. मी देठासकट पानं टाकायचो आणि ती माझ्या डोळ्यांदेखत देठ वेचून बाहेर काढायची. बोलायची नाही. इतक्या वर्षांत बोलून कंटाळली असणार.

मुलगा इथे परदेशात, नोव्हाय नावाच्या गावी, मोटारींच्या कंपनीत आहे. आम्ही नातवंडं सांभाळायला आलो आणि राहिलो. नातवंडं मोठी झाली, आपापल्या खोलीत गेली, आणि टीव्हीसमोर आम्ही दोघं उरलो. बेसबॉल तिनेच शोधून काढला. क्रिकेटसारखं काहीतरी दिसलं म्हणून थांबली, ती थांबलीच. मला इंग्रजी येत नाही, शाळा चौथीपर्यंत. पण या खेळाला भाषा फारशी लागत नाही. माणसं उभीच जास्त असतात. बघणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि मला दुसरं काय काम होतं.

मी सुरुवातीलाच एक टीम धरली. ती सारखी जिंकायची, म्हणून धरली. त्यात लाजायचं काय. नंतर मुलाने सांगितलं की बाबा, यांच्याकडे पैसा बक्कळ आहे, दुसरीकडे कोणी चांगला खेळाडू तयार झाला की हे त्याला घेऊन येतात. ते ऐकून तिने लगेच दुसरी टीम धरली, कुठल्यातरी लहान शहराची. हीच का, म्हणून विचारलं तर म्हणाली, त्यांच्या मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत, कोणीतरी बसायला नको का. माझ्या टीमचं नाव तिने कधी घेतलं नाही. त्यांना ती सावकार म्हणायची. "आले का तुमचे सावकार?" असं विचारत हात पुसत येऊन बसायची.

या दोन टीमची गाठ पडली की आमची पैज. ज्याची टीम हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायचा आणि दुसऱ्याला पलंगावर नेऊन द्यायचा. पैज तिनेच काढलेली. आता जिंकणार बहुतेक सावकारच, म्हणजे चहा तिनेच करायचा, जसा लग्न झाल्यापासून करत आली तसा. ती म्हणायची, "एकदा तरी हरा हो. मला आयता चहा प्यायचाय." मी म्हणायचो, मग टीम बदल. ती काही बदलायची नाही.

मला मात्र त्या पैशाचं कुतूहल लागलं. मुलगा ऑफिसातून आला की जेवताना मी त्याला धरायचो. एका माणसाला इतका पैसा देतात, तो मालकाला परत कसा मिळतो? तिकिटांतून? टीव्हीवाले किती देतात? मुलगा म्हणायचा, बाबा, तुम्ही टीम विकत घेताय का. पण सांगायचा. सगळा पैसा आत्ताच देतात असं नाही, काही खेळाडूंना पुढे कित्येक वर्षं थोडा थोडा मिळत राहतो, खेळणं थांबल्यावरसुद्धा. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारपणी घेऊन तो त्याचं काय करणार? गुडघे बदलणार?" तिचे स्वतःचे दोन्ही तेव्हा नुकतेच बदलले होते.

आणखी एक कळलं. ठरलेल्या हद्दीबाहेर खर्च केला तर सावकारांना दंड भरावा लागतो. शिवाय कमाईतला काही वाटा सगळ्या टीमच्या हंड्यात जातो आणि त्यातून लहान टीमना मिळतो. हे ऐकून मी चाट पडलो. मी तिला म्हटलं, मग तुझे लोक त्या पैशात खेळाडू का घेत नाहीत? मुलगा म्हणाला, काही मालक घेतात, काही खिशात घालतात, लहान टीमचा मालकही काही गरीब नसतो. मी तिच्याकडे बघितलं. ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "मालकाचं मला काय सांगता? मी त्या पोरांसाठी बघते."

मला हे सगळं नवं नव्हतं म्हणून जास्त खाज होती. गावाकडे मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो. आमचा बँड साधा, ड्रेसची बटणंसुद्धा एकसारखी नव्हती. जिल्ह्याच्या गावी एक मोठा बँड होता, त्याचा मालक दिवाळीच्या आधीच फिरायला निघायचा. ज्याच्या छातीत दम दिसेल त्याच्या हातावर उचल ठेवायची, की तुळशीच्या लग्नानंतर तो माणूस त्याचा. इथले मालकही बर्फ पडायला लागलं, मैदानं बंद झाली, की बाजार मांडतात. मुलाने मोबाईलवर हे दाखवलं तेव्हा मी हसलो होतो. एका सालात त्या मालकाने आमचा क्लॅरिनेटवाला नेला, दुसऱ्या सालात मला. मी गेलो. दुप्पट पैसे होते, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. आजही कोणी तसे पैसे दिले तर जाईन, पण आता दात नाहीत.

पण एक गोष्ट झाली. त्या काळी दोन वराती चौकात समोरासमोर आल्या की बँड थांबायचे. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, कोणी हटायचं नाही. नवरदेव घोड्यावर ताटकळायचा आणि लोक गच्चीवर गोळा व्हायचे. मालकाने सगळे चांगले लोक गोळा केल्यावर समोरून येणाऱ्या बँडमध्ये काल वाद्य हातात घेतलेली माणसं असायची. आम्हाला बघितलं की ती बाजूला सरून वाट द्यायची. आम्ही सरळ निघून जायचो. गच्चीवर कोणी येईना. मालक कपाळाला हात लावून म्हणायचा, एवढे दमदार गडी घेतले, तरी लोकांना मजा का येत नाही?

हे मी तिला एका मॅचच्या मध्ये बोललो. माझं म्हणणं असं की पैसा खेळाडूला मिळतोय, त्याच्या अंगातल्या दमाला मिळतोय, यात अन्याय कुठे आहे. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "तुम्ही पैसे घेतलेत ते बरोबरच केलंत. त्यावर माझं पोर शिकलं. पण चौक ओस पडला तेही खरंच आहे." एवढंच बोलली आणि परत मॅचकडे बघायला लागली.

त्यानंतर तिने घरात कायदा आणला. तिकडे सावकारांना दंड होतो, मग इकडे का नको. सावकार जिंकले तर चहा ती करील, पण आयता चहा पिणाऱ्याने, म्हणजे मी, कप धुवायचे. मी कुरकुर केली आणि धुवायला लागलो. सूनबाई बघायची आणि गालात हसायची.

तिच्या टीममध्ये एक डावखुरा उंच पोरगा होता. तोंडात सूर्यफुलाच्या बिया टाकून टरफलं थुंकत उभा असायचा. तिचा लाडका. त्याला बॅट घेऊन येताना बघितलं की म्हणायची, यालाही नेतील हो तुमचे सावकार. हे लिहितोय तेव्हा बाहेर बर्फ आहे, बाजार सुरू आहे, आणि खरंच नेलाय त्याला. मुलाने सांगितलं. पोराचं भलं झालं, त्याच्या घरी आनंद असेल. पण आता पैजेला मी कोणती टीम धरायची आणि तिच्यासाठी कोणती ठेवायची, हे मला कळत नाहीये.

तर त्या रविवारी शेवटची इनिंग आली तेव्हा तिची टीम एका धावेने मागे होती. मी उठलोही होतो, मेथीचे देठ कचऱ्यात टाकायला. तो डावखुरा आला. एक माणूस बेसवर उभा होता. पहिले दोन चेंडू त्याने सोडले, तिसरा असा मारला की कॅमेऱ्यालाही तो सापडेना. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. रिकाम्या खुर्च्यांवर आपटून उडाला, झेलायला तिथे कोणी नव्हतं. दोन धावा झाल्या आणि मॅच संपली. सावकार खाली मान घालून आत गेले.

ती ओरडली नाही. मांडीवरची मेथीची पानं झटकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या चहा तुमचा. आलं ठेचून घाला, किसायचं नाही. किसलेलं मला चालत नाही."

मी म्हटलं, बघू.

"बघू नाही. पलंगावर पाहिजे."

रात्री जेवणं झाल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं. मुलाने फोन केला, ॲम्ब्युलन्स लगेच आली. हॉस्पिटलमध्ये त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. उजाडायच्या आत ती गेली.

सकाळी आम्ही घरी आलो. मुलगा फोनवर फ्युनरल होमशी इंग्रजीत बोलत होता. ओळखीची माणसं यायला लागली. पुण्याच्या एक बाई आहेत, इथे सगळे त्यांना काकू म्हणतात, त्या थर्मास भरून चहा घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला तशा त्या मागोमाग आल्या. म्हणाल्या, काका, आज घरात गॅस पेटवायचा नसतो, मी आणलाय ना चहा. मी म्हटलं, नसेल पेटवायचा, पण मी पैज हरलोय. त्यांना काही कळलं नाही. सूनबाईला कळलं. तिने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

चहाचा डबा सापडला. खलबत्ता सापडेना. तीन कपाटं उघडली, मग सूनबाईनेच येऊन खालच्या ड्रॉवरमधून काढून दिला आणि परत गेली. आलं किती घ्यायचं ते माहीत नव्हतं. अख्खा तुकडा ठेचला. दूध उतू गेलं, ते पुसलं. दोन कप गाळून आमच्या खोलीत नेले. तिच्या बाजूच्या टेबलावर तिचा ठेवला आणि माझ्या बाजूला बसून माझा प्यालो.

थोड्या वेळाने सूनबाई आली. कप उचलायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. धुवायची पाळी तिची आहे."

तिने हात मागे घेतला. मग पलंगावर सासूच्या जागी बसली, तिच्या कपावरची साय बोटाने काढली आणि सगळा चहा पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"बाबा, आलं फार झालंय."

मी म्हटलं, "ठेचलंय. किसलेलं नाही."