चार बोटं

भंडाऱ्यातल्या मानसशास्त्र परिषदेत मी माझा पहिला शोधनिबंध वाचणार होते, तोही परीक्षेच्या भीतीवर. नाव पुकारलं आणि मी कागद घेऊन मंचावर चढले.

मंचाच्या कडेला माइकवाला बसला होता. पन्नाशीचा, एका कानावर हेडफोन, दुसरा कान उघडा. दर वक्त्यानंतर तो उठायचा आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माइक पुसायचा, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा. माझ्याकडे बघून त्यानं माइकसमोर चार बोटं आडवी धरली.

"एवढं अंतर ठेवा म्याडम. बाकी मी पायतो."

मी वाचलं. प्रश्न आले, उत्तरंही सुचली. खाली उतरल्यावर त्याला विचारलं, "आवाज खूप कापत होता का?"

"कापत होता न. सकाळपासून साऱ्याइचाच कापून राहिला. लोकाइले समजत नाही, मले हेडफोनात आयकू येते."

मग ज्यांचं पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं, त्या अध्यक्षांकडे हनुवटीनं खूण करत तो हळूच म्हणाला, "त्याइचा त तुमच्याहून जास्त."

सकाळी मला चहासुद्धा गेला नव्हता. दुपारी मी दोनदा भात घेतला.