त्यांनी कुसुमचं ऐकलं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी चिपळूणची, विज्ञानाची पदवी घेतलेली, आणि आमचे हे तर पायलट! घरात असल्या गप्पांना थाराच नव्हता. तरी लिहितेय, कारण ही गोष्ट पोटात ठेवून आता कंटाळा आला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मुंबईहून रत्नागिरीला छोटं विमान यायचं. ते हे चालवायचे, आणि मी सासूबाईंबरोबर रत्नागिरीत, विमानतळापासून चालत यायच्या अंतरावर राहायची. डोक्यावर विमानाचा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची.

मी त्यांची दुसरी बायको. पहिली कुसुम, वेळणेश्वरची, आमच्या लग्नाआधीच तापाने गेली. लग्न झाल्यावर सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या हातात दिला.

"अगो, दुसरेपणावर आलेलीनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा असतो. तीही ह्याच घरची हो."

मी तो डब्यात ठेवला तो ठेवलाच. जिवंत सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं! हिच्याशी कसं भांडणार? सासूबाईंच्या तोंडी सारखी तिच्या हातची सोलकढी, तिचा गोड गळा... मला तिचा मत्सर वाटायचा, उघड सांगते.

त्या दुपारी विमानाचा आवाज आला, मी आधण ठेवलं. हे आले ते पांढरेफटक. बरोबर को-पायलट नेल्सन. विमान तपासणीसाठी थांबवलं होतं.

"वहिनी, आज वाचलो," नेल्सन म्हणाला. "ढगात होतो, खाली उतरायची परवानगी मिळालेली. आणि सरांनी एकदम विमान वर खेचलं! मी ओरडलो, सर, काय करताय? तर आमच्या पोटाखालून दुसरं विमान गेलं... त्याच्या खिडक्या दिसल्या मला."

आता म्हणे विमानांत यंत्रं असतात. दुसरं विमान जवळ आलं की वर जा, खाली जा असं चक्क बोलतात, आणि पायलटने ते निमूट ऐकायचं असतं. ह्यांच्या विमानात तेव्हा असलं काही नव्हतं.

"मग तुम्हाला कळलं कसं?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. "हेडफोनमध्ये कुसुम बोलली. वर घ्या, म्हणाली. लगेच वर घ्या."

"मला काही ऐकू आलं नाही हां," नेल्सन पुटपुटला.

खरं तर मी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पान वाढून दहा हाका मारल्या तरी पेपरातून मान वर न काढणारा हा माणूस — आणि तिच्या एका शब्दावर अख्खं विमान वर?

"माझं ऐकलंत कधी असं?" मी नेल्सनसमोरच बोलले.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगो, कुंकू राखलंन हो तिनं तुझं."

मी तरातरा आत निघाले, तर हे मागून म्हणाले, "आणखी एक म्हणाली ती. मला त्याचा अर्थ लागला नाही. म्हणाली, ठकी वाट बघतेय... ही ठकी कोण?"

मी दाराची चौकट धरली.

ठकी मी. फक्त माझे वडील मला त्या नावाने हाक मारायचे. मी शाळेत असतानाच ते गेले आणि ते नावही त्यांच्याबरोबर गेलं. आईसुद्धा मला शालूच म्हणायची. ह्यांना मी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि कुसुमला तर मी पाहिलंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी डब्यातून टाक काढला आणि गळ्यात घातला.

नेल्सन पुढे म्हणायचा, रेडिओवर दुसऱ्याच कुणाचं बोलणं आलं असेल. असेलही. पण त्या बाईला ठकी कशी ठाऊक?

हे आता निवृत्त झालेत. जेवायला अजून दहा हाका लागतात. मग मी टाक चिमटीत धरून म्हणते, "कुसुम, तूच सांग बाई ह्यांना."

आणि मत्सर? तो आहेच. फक्त आता तिचा नाही वाटत, ह्यांचा वाटतो. वडिलांमागे इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ठकी म्हणालं... आणि ते ऐकलं ह्यांनी.